अर्धवट मिटलेलं गेट

‘ड्रमसाठी कोणतं गेट प्लगइन घेऊ?’ असं कुणी विचारलं की पूर्वी माझ्याकडे उत्तर तयार असायचं. जे सगळ्यात झटकन उघडतं आणि सगळ्यात घट्ट मिटतं, ते. दोन ठोक्यांच्या मध्ये ट्रॅकवर चिटपाखरूसुद्धा ऐकू येता कामा नये, आणि ते जमत नसेल तर ते प्लगइन कामाचं नाही, इतका सरळ मामला होता. आता हाच प्रश्न आला की मी उलट विचारते, ‘मिटल्यावर ते किती डेसिबल खाली जायला हवंय तुला?’ समोरचा हिरमुसतो. त्याला नाव हवं असतं, शक्यतो चालू सेलमधलं, आणि मी त्याच्याकडे आकडा मागत असते.

मत बदललं एवढंच सांगून थांबता आलं असतं. पण हे मत मी नुसतं बाळगलं नव्हतं, शिकवलंही होतं. माझ्या हाताखाली काम केलेली मुलं आज आपापल्या स्टुडिओत स्नेअरच्या पहिल्याच इन्सर्टवर डोळे मिटून गेट टाकतात आणि कुणी विचारलं तर ‘ताईंनी सांगितलंय’ म्हणतात. तेव्हा ताईंचं मधल्या काळात काय झालं, ते नीट सांगायला हवं.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रम-सेटला आठ-दहा माइक लागतात. किकला एक, स्नेअरला वरून एक आणि जमलं तर खालून एक, प्रत्येक टॉमला एकेक, शिवाय डोक्यावर दोन ओव्हरहेड. आता स्नेअरच्या माइकला तू फक्त स्नेअर ऐक, असं काही सांगता येत नाही. त्याच्या शेजारीच हाय-हॅट वाजत असते, ती त्यात शिरते. टॉमच्या माइकमध्ये क्रॅश आणि राइड या झांजा शिरतात, आणि किकचा ठोका पडला की टॉमची स्किन आपणहूनच घुमते. या सगळ्याला आम्ही ब्लीड म्हणतो. गेटमध्ये थ्रेशोल्ड नावाची एक पातळी ठरवायची. आवाज तिच्या वर गेला की ट्रॅक उघडतो, खाली आला की मिटतो. एक्सपांडरही हेच करतो, पण हलक्या हाताने. प्रमाण १:२ ठेवलं तर थ्रेशोल्डच्या १० डेसिबल खाली असलेला आवाज २० डेसिबल खाली जातो. हे प्रमाण वाढवत नेलं की एक्सपांडरचंच गेट होतं. आणि दोन्हींत बहुधा ‘रेंज’ नावाचं एक बटण असतं. मिटल्यावर आवाज जास्तीत जास्त किती खाली ढकलायचा, हे ते ठरवतं. कित्येक वर्षं माझ्या दृष्टीने त्या बटणाची जागा एकच होती, शेवटच्या टोकाला.

हे मत आकाशातून पडलं नव्हतं. मी कामाला सुरुवात केली ती मैदानावर, कॉलेजांची गॅदरिंग आणि गणपतीतले ऑर्केस्ट्रा करत. तिथे उघडा माइक म्हणजे डोक्याला ताप. स्टेजवरचे उघडे माइक दुप्पट झाले की फीडबॅकच्या आधी आपल्या हातात जी जागा असते ती साधारण ३ डेसिबलने घटते. हे गणित मला पुस्तकात सापडण्याआधी कानाने कळलं होतं. फ्लोर टॉमचा माइक उघडा राहिला आणि ड्रमरजवळचा मॉनिटर गरजत असला की टॉमची स्किन त्या आवाजाने थरथरते, माइक ती थरथर उचलतो, मॉनिटर ती परत फेकतो, आणि असा घुमारा उठतो की निवेदकाचं अख्खं वाक्य त्यात बुडतं. गेट लावलं की सगळं गप्प. लाइव्ह कामात मी आजही टॉमवर गेट लावते आणि पुढेही लावेन.

दुसरं कारण सांगायला जरा संकोच वाटतो. माझ्या कानाला ड्रम पहिल्यांदा कळला तो ऑक्टापॅडवरून. रोलंडने १९८५ साली पहिला ऑक्टापॅड काढला आणि पुढे आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत त्याने असं बस्तान बसवलं की खरा ड्रम-सेट म्हणजे चैन झाली. आठ रबरी चौकोन. काठी पडली की आवाज, नाही पडली की शून्य. स्नेअरच्या पॅडमध्ये हॅट शिरण्याचा प्रश्नच येत नाही. असे कान घेऊन मी स्टुडिओत आले आणि खऱ्या ड्रमचे ट्रॅक एकेक करून सोलोमध्ये ऐकले, तेव्हा ते मला चक्क अस्वच्छ वाटले. मग मी गेट लावत सुटले. मी त्या लाकडी वाद्याचा ऑक्टापॅड करत होते. तेव्हा कुणी तसं बोललं असतं तर मला ते कौतुकच वाटलं असतं.

तिसरं कारण पुस्तकांचं. मी ज्या पुस्तकांवरून शिकले ती टेपच्या जमान्यात लिहिलेली होती. त्या काळी गेटची गरज खरोखरच होती. टेपच्या प्रत्येक ट्रॅकला स्वतःची सळसळ असते, आणि असे २४ ट्रॅक एका पातळीवर एकत्र केले की ती सळसळ एका ट्रॅकच्या तुलनेत जवळजवळ १४ डेसिबलने वाढते. त्यामुळे जो ट्रॅक वाजत नाही तो मिटलेला बरा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पॉल बफ यांनी ॲलिसन रिसर्चसाठी केपेक्स बनवलं ते याच गरजेतून. त्या नावाची फोड कीएबल प्रोग्रॅम एक्सपांडर अशी आहे, म्हणजे गेटांच्या या मूळ पुरुषाने स्वतःला एक्सपांडरच म्हणवून घेतलं होतं. आज आपण २४ बिटवर रेकॉर्ड करतो. कागदावर १४४ डेसिबलचा पल्ला, आणि सळसळ म्हणाल तर स्टुडिओच्या एसीची. गेटमागचं ते कारण कधीच संपलं होतं. पुस्तकं मात्र तीच होती, आणि त्यातली शिस्त मी जशीच्या तशी उचलली.

चौथं कारण कुणी लिहून ठेवत नाही. क्लायंट मागच्या सोफ्यावर बसलेला असतो. तुम्ही स्नेअर सोलो करता, त्यात हॅट टिकटिकते आणि तो विचारतो, ‘यात हॅट कशी काय येतेय?’ याचं खरं उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतात. गेट लावायला पाच सेकंद. एकदा ती मोकळी, कोरडी स्नेअर ‘ठप्, ठप्’ ऐकवली की त्याच्या चेहऱ्यावर पैसे वसूल झाल्याचा भाव येतो. माझ्या गेट लावण्यात निम्मा वाटा या इभ्रतीचा होता.

गेटमुळे घडलेला एक आवाज तर माझ्यासह एका पिढीच्या डोक्यात घर करून आहे. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रिएलच्या १९८० साली आलेल्या तिसऱ्या अल्बमचं काम चाललं होतं. फिल कॉलिन्स ड्रम वाजवत होते, ह्यू पॅजम इंजिनिअर होते आणि स्टीव्ह लिलीव्हाइट निर्माते. वादकांचं बोलणं एसएसएल कन्सोलवर ऐकू यावं म्हणून खोलीत एक लिसन माइक टांगलेला असे. त्याच्यावर जबरदस्त कॉम्प्रेसर बसवलेला होता. त्या माइकमधून ड्रम ऐकू आले ते भिंत अंगावर यावी तसे. मग त्या फुगलेल्या आवाजावर गेट लावून त्याची शेपूट कापली, आणि ‘इंट्रूडर’ या गाण्याचे ड्रम तयार झाले. पुढच्याच वर्षी ‘इन दी एअर टुनाइट’ने तो आवाज घरोघरी नेला. यात गेट काहीही साफ करत नाही, हे लक्षात घ्यायला मला वेळ लागला. खोलीचा आवाज आधी मुद्दाम पोटभर आत घेतलाय आणि मग नाट्यमय रीतीने तोडलाय. हॅट घालवण्यासाठी लावलेल्या गेटचं आणि या गेटचं फक्त यंत्र सारखं.

मत पालटायला एखादा मोठा प्रसंग घडला असं मुळीच नाही. कामाची जात बदलली. एखादा हॉल भाड्याने घेऊन सगळे एकत्र वाजवणारे बँड माझ्याकडे येऊ लागले, आणि त्यांच्यातले काही ड्रमर घोस्ट नोट वाजवणारे निघाले. स्नेअरवर मुख्य ठोका बहुधा पडतो चार मात्रांतल्या दोन आणि चारवर. त्या दोन ठोक्यांच्या मध्ये काठीने नुसतं गुणगुणावं अशा बारीक टिपऱ्या टाकतात, त्या घोस्ट नोट. बर्नार्ड पर्डी यांचा शफल ऐका, किंवा जेफ पोर्कारो यांनी टोटोच्या १९८२च्या ‘रोझॅना’त वाजवलेला त्याचा वारसदार. त्यातून त्या टिपऱ्या काढून टाका आणि काय उरतं ते पाहा. मुख्य ठोक्याच्या वीसेक डेसिबल खाली त्या सहज असतात. आणि स्नेअरच्या माइकमधली हॅट? तीही तिथेच कुठेतरी, पुष्कळदा त्यांच्याहून वरच. मग थ्रेशोल्ड ठेवायचा कुठे? वर ठेवला तर टिपऱ्या जातात, खाली ठेवला तर गेट हॅटवरच उघडझाप करत बसतं. अशा वादकाच्या ट्रॅकवर थ्रेशोल्डला बरोबर जागाच नसते, आणि नवं प्लगइन विकत घेऊनही ती सापडत नाही.

यावर अर्धा उपाय जुनाच आहे. गेटने कशावर उघडायचं, ते ऐकणारा कान वेगळा असतो. त्याला साइडचेन किंवा की इनपुट म्हणतात. ड्रॉमर कंपनीच्या डीएस२०१ गेटने १९८०च्या दशकात नाव कमावलं ते त्या कानालाच फिल्टर बसवून. स्नेअरचं अंग साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतं आणि हॅटचा जोर कित्येक हजार हर्ट्झच्या वर. तेव्हा गेटच्या कानाला वरचं ऐकूच द्यायचं नाही, म्हणजे हॅटने ते उघडत नाही. की-लिसन दाबून त्या कानाला काय ऐकू येतंय ते आधी आपण ऐकायचं, मगच थ्रेशोल्डला हात लावायचा. प्लगइन निवडताना माझी पहिली अट आजही हीच असते. साइडचेनला दोन्ही बाजूंनी फिल्टर हवा आणि तो स्वतंत्र ऐकता यायला हवा. हे नसेल तर रंगीत आलेखांना मी विचारत नाही. तरी हा उपाय अर्धाच. वरचं कापलं की त्या कानाला टॉम आणि किक जास्त ऐकू यायला लागतात. घोस्ट नोटचं अंगही बेताचंच असतं, त्यामुळे त्या पुन्हा दाराशीच अडकतात.

पण माझा हात खरा थबकला तो वेगळ्याच गोष्टीपाशी. एका मिक्समध्ये सगळं जागच्या जागी होतं, तरी हॅट अस्वस्थ वाटत होती. कधी डावीकडे, कधी मधोमध. मी ओव्हरहेडचे माइक तपासले, पॅन तपासला, फेज तपासला. मग स्नेअरचं गेट बायपास केलं आणि हॅट शहाण्यासारखी एका जागी बसली.

यामागचं कारण कळलं ते असं. ड्रमरच्या जागेवरून मांडणी केली की हॅट डावीकडे असते, आणि ओव्हरहेडमधून ती तिथेच ऐकू येते. स्नेअरचा माइक मात्र आपण मधोमध ठेवतो. गेट मिटलेलं असतं तेव्हा हॅट फक्त ओव्हरहेडमधून येते, म्हणून डावीकडे. दोनवर ठोका पडला की गेट उघडतं आणि स्नेअरच्या माइकमधली हॅट मध्यभागी येऊन उभी राहते. गेट मिटलं की परत डावीकडे. म्हणजे प्रत्येक दोनला आणि चारला हॅट उडी मारते. त्यात रंगही बदलतो. आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. हॅट स्नेअरच्या माइकजवळ असते आणि ओव्हरहेड तिच्यापासून मीटरभर वर, त्यामुळे तोच आवाज दोन ठिकाणी दीड-दोन मिलिसेकंदांच्या फरकाने पोचतो आणि दोन्ही एकत्र आले की काही पट्टे एकमेकांना खातात. गेट उघडं असताना हे घडतं आणि मिटल्यावर थांबतं. शेजारच्या घरातला रेडिओ सतत चालू असला तर थोड्या वेळाने कान त्याला विसरतो, पण कुणी मधलं दार सारखं उघडत-मिटत राहिलं तर डोकं उठतं. माझं गेट तेच करत होतं. ब्लीड जितका होता तितकाच होता. तो ये-जा करत होता म्हणून ऐकू येत होता. आणि गेट जितकं घट्ट, तितकी ती ये-जा ठळक.

म्हणून मी रेंज कमी करून पाहिली. आधी २०, मग १२, मग ८. कुठेतरी १० डेसिबलच्या आसपास ती उडी कानातून गेली. सोलोमध्ये हॅट ऐकू येत होती, मिक्समध्ये तिचा त्रास नव्हता. यानंतर मी जरा हिशेब मांडला, आणि आज मी ज्या पद्धतीने काम करते ती त्या हिशेबातून आली.

ब्लीड आपल्याला नकोसा वाटतो तो मुळात आपण त्याला वर उचलतो म्हणून. स्नेअरला चमक हवी म्हणून ८ हजार हर्ट्झच्या आसपास ४ डेसिबल चढवले, तर त्याच माइकमधली हॅटही ४ डेसिबल चढते. पुढे कॉम्प्रेसर लावला आणि मेकअप गेन ६ डेसिबल दिला, तर ठोका दाबला जातो आणि दोन ठोक्यांच्या मधली हॅट पुरी ६ डेसिबल वर येते. एकूण १०. बाकी काही न करता नुसत्या माइकमधून ड्रम ऐकताना ही हॅट कुणाला खटकली नव्हती. तेव्हा गेटने, म्हणजे खरं तर एक्सपांडरने, मला १० डेसिबल परत दिले की काम झालं. मी पुढे जेवढं वर उचलणार आहे तेवढंच आधी खाली ढकलायचं. रेंजचा आकडा चेनच्या पुढच्या भागात दडलेला असतो, गेटच्या खिडकीत तो दिसत नाही. म्हणून मी आता ईक्यू आणि कॉम्प्रेसर आधी लावते, ते पटले की मगच त्यांच्या आधीच्या जागेवर एक्सपांडर बसवते. माझा एक जुना सहायक हे पाहून म्हणाला, ‘ताई, हे उलटंय.’ त्याला उलटं वाटणारच, सुलटं त्याला मीच शिकवलं होतं.

एवढं झाल्यावर प्लगइनच्या नावांना फारसं वजन राहत नाही. लॉजिकच्या नॉइज गेटमध्ये हिस्टेरिसिस आणि लुकअहेड, म्हणजे ठोका थोडा आधी ओळखण्याची सोय, आहे, रिडक्शनची मर्यादाही आहे. रीपरच्या रीगेटमध्ये हिस्टेरिसिस, ठोक्याच्या आधी उघडण्याची सोय आणि दोन्ही फिल्टर आहेत, आणि ते फुकट मिळतं. प्रो टूल्सच्या एक्सपांडर/गेटमध्ये रेंज आहे, प्रमाण आहे, लुकअहेड आहे. नवशिक्याने यापैकी जे हाताशी असेल ते पुरवून वापरावं. फॅबफिल्टरचं प्रो-जी २०११ सालचं आहे. मी ते वापरते ते डोळ्यांच्या सोयीसाठी, गेट कधी उघडलं आणि किती मिटलं ते त्यात झक्क दिसतं. आवाजात ते इतरांहून फार वेगळं आहे असं मी आता म्हणणार नाही. पूर्वी म्हणायचे.

हिस्टेरिसिसबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण पुष्कळ जण त्याला हातच लावत नाहीत. उघडायची पातळी आणि मिटायची पातळी एकच असली की मोठ्या टॉमचा घुमारा विरताना गेट फडफडतं, कारण तो घुमारा सरळ रेषेत विरत नाही, हेलकावे खात खाली येतो. मिटायची पातळी काही डेसिबल खाली ठेवली की ती फडफड थांबते. वेव्हजच्या जुन्या सी१मध्ये या दोन पातळ्या सरळ वेगवेगळ्या दिलेल्या आहेत, मला तीच पद्धत जास्त समजते. अटॅकचं, म्हणजे गेट उघडायला लागणाऱ्या वेळाचंही तसंच. किकचा ५० हर्ट्झचा सूर घेतला तर त्याचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं. त्याच्या मध्येच गेट एका झटक्यात उघडलं तर टिक् असा आवाज येतो. काही जणांना ती टिक् आवडते आणि ते तिला किकची धार म्हणतात. मी लुकअहेड लावते आणि अटॅक थोडा सैल सोडते.

एका नव्या प्लगइनने मात्र माझं मत आणखी एकदा हलवलं. सॉनॉक्सचं ऑक्सफर्ड ड्रम गेट २०२१ साली आलं. ते आवाज किती मोठा आहे एवढ्यावर थांबत नाही, ठोका किकचा आहे की स्नेअरचा की टॉमचा, हे ओळखायचा प्रयत्न करतं. घोस्ट नोटच्या बाबतीत थ्रेशोल्डला जागाच नाही असं मी वर म्हटलं. इथे निदान तो तिढा वेगळ्या बाजूने सोडवायला घेतलाय. पण त्यातही मी मिटण्याची खोली कमीच ठेवते. ओळख कितीही अचूक झाली तरी हॅटची उडी ती उडीच.

टॉमच्या बाबतीत मी गेट जवळजवळ सोडलंय. एका गाण्यात टॉम वाजून वाजून किती वाजणार? पडद्यावर ते ठोके डोळ्यांना दिसतात. मधला भाग निवडायचा, क्लिप गेनने १२ डेसिबल खाली आणायचा, दोन्ही टोकांना फेड द्यायचा. एक गेट चार गाण्यांना नीट बसवण्यात जो वेळ जातो त्याहून हे लवकर होतं. पूर्वी मी तो भाग सरळ उडवून टाकायचे. आता उडवत नाही, कारण टॉमचे माइक नुसते उघडे असताना किकला आणि एकूण सेटला खालून जो भरणा देतात तो त्याबरोबर जातो, आणि मग टॉम वाजला की खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. जिथे झांजा फारच शिरल्यात तिथे मल्टीबँड एक्सपांडर लावून फक्त वरचा पट्टा मिटवते. टॉमचा घुमारा खालच्या पट्ट्यात असतो, झांजांचा त्रास वरच्या पट्ट्यात. खालचा सावकाश विरू द्यायचा, वरचा लवकर बंद करायचा. फॅबफिल्टरच्याच प्रो-एमबीमध्ये हे होतं, इतरही कशात होतं.

हे सगळं रेकॉर्डिंग झाल्यानंतरचं. त्याच्या आधी हॅटचा स्टँड चार बोटं वर केला आणि स्नेअरच्या माइकची पाठ तिच्याकडे वळवली, तर कुठलंही प्लगइन देणार नाही इतका फरक पडतो. शुअर एसएम५७ सारखा कार्डिऑइड माइक थेट मागून सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड असेल तर त्याची बहिरी बाजू पाठीमागे तिरकी, साधारण १२६ अंशांवर असते. ड्रमरला ‘हॅट जरा हळू वाजव’ म्हणणं हा आणखी एक उपाय, पण तो चहा झाल्यावर आणि एकट्याला गाठून सांगायचा.

मुंबईच्या सिनेसंगीतात एके काळी सगळा ताफा एकाच हॉलमध्ये बसून वाजवायचा. गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले, तालवाद्यांवर कावस लॉर्ड आणि त्यांचे चिरंजीव केर्सी आणि बुजी. प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाच्या माइकमध्ये. कोण कुठे बसतं आणि कोण किती जोरात वाजवतं, यावरच मिक्स ठरायचं. त्या रेकॉर्ड ऐकून मी लहानाची मोठी झाले आणि त्यात ब्लीड आहे हे माझ्या कधी मनातही आलं नाही. तिकडे इंग्लंडमध्ये १९७१ साली हेडली ग्रेंज या घराच्या जिन्यात लेड झेपलिनच्या जॉन बॉनम यांचे ड्रम वरच्या मजल्यावर टांगलेल्या दोन माइकवर घेतले होते. तिथे एकेका ड्रमला वेगळा माइकच नाही, त्यामुळे कुठे काय शिरलं हा प्रश्नही नाही. आणि आपल्या घरचंच सांगायचं तर ढोलकीच्या दोन पुड्यांना मी दोन माइक लावते आणि डाव्या पुडीवर गेट लावायचं माझ्या स्वप्नातही आलं नाही. लावलं असतं तर ढोलकीवाल्या बुवांनी मला स्टुडिओतून बाहेर काढलं असतं. दोन पुड्यांचं एक वाद्य मला उपजत कळलं होतं. नऊ माइकचं एक वाद्य कळायला वेळ लागला.

मात्र मी गेटविरोधी झाले असं कुणी समजू नये. मेटल बँड येतात तेव्हा माझं जुनं मत जसंच्या तसं लागू होतं. २०० बीपीएमला डबल किकवर सोळांश वाजत असतील तर दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात किकने उठून, आवाज देऊन, पूर्ण खाली बसायला हवं, नाहीतर सगळ्याचा एक गडगडाट होतो. शिवाय किकला धार यावी म्हणून वरचे पट्टे इतके चढवावे लागतात की त्या माइकमधल्या झांजा ओरबाडायला लागतात. तिथे उचलायचं प्रमाणच २० डेसिबलच्या पुढे जातं, आणि हिशेब माझ्याच नियमाने रेंज टोकाला न्यायला सांगतो. होल्ड, म्हणजे गेट उघडं राहण्याचा वेळ, तीसेक मिलिसेकंद, आणि रिलीज, म्हणजे मिटायला लागणारा वेळ, त्याच्याइतकाच. वाद फक्त तेव्हा होतो जेव्हा वेगवान भाग संपून संथ भाग लागतो. तिथे मी ऑटोमेशनने रेंज १२वर आणते, म्हणजे किकच्या मागे खोलीचा श्वास थोडा परत येतो. गेल्या अल्बमच्या वेळी बँडच्या गिटारिस्टला ते पसंत नव्हतं, त्याला दोन्ही भागांत किक हुबेहूब सारखी हवी होती. ड्रमरला माझं पटलं होतं. शेवटी दोन मिक्स काढून दोघांच्या हातात दिली आहेत आणि निरोपाची वाट पाहते आहे.